पिवळं मलम

सोमवार, ३ मार्च

खताच्या दुकानदाराने यांना भेट दिलेली डायरी दोन महिने कोरी पडून होती. (यांना म्हणजे आमच्या नृसिंहरावांना. डायरीत नाव लिहायला कसली लाज!) आजपासून मी ती लिहिणार. शेडवर जे चाललं आहे ते कुठेतरी टिपून ठेवायलाच हवं. उद्या कुणी म्हणायला नको की शोभाताईंचं लक्ष नव्हतं.

काकासाहेबांच्या लिंबाच्या शेडवर मी अठरा वर्षं देखरेख करते. हाताखाली चौदा बायका. बागेतून लिंबं येतात, त्यातला पाला, काड्या, काटे काढायचे, लहान-मोठं निवडायचं, गोण्या भरायच्या. लिंबाचा काटा कुणाला टोचला नाही असा दिवस जात नाही. पण आजवर टोचलं, थोडं ठणकलं, दोन दिवसांत विसरलं, एवढंच व्हायचं. गेल्या महिन्यापासून मात्र टोचल्या जागी गळू धरायला लागलंय. लाल, गरम, आत पू. आधी पंकजाच्या मनगटावर आलं, मग साळूबाईच्या अंगठ्याला, आणि आज राहीबाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला.

माझी डबी आहे म्हणून निभावतंय. बेलापूरला माहेरी वडील भिक्षुकी करत आणि आई अर्ध्या गावाला मलम लावत असे. तूप, मेण, हळद आणि कडुनिंब. आईच्या हाताला गुण होता आणि तो माझ्या हातात उतरलाय, हे मी म्हणत नाही, बायकाच म्हणतात. दुपारच्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसते, तपकिरीची चिमूट ओढते, डोकं हलकं झालं की डबी उघडते. मग एकेकीने येऊन हात पुढे करायचा. कापूस-बिपूस नाही, बोटानेच लावायचं. आई म्हणायची, कापसाने लावलं तर नुसतं मलम लागतं, हात लागत नाही.

राहीबाईंना दोनदा लावलं. त्यांचं आणि माझं या शेडवर एकाच वर्षी सुरू झालं. त्यांना शुगर आहे, म्हणून जरा जास्त जपते.

बुधवार, ५ मार्च

त्या रेश्माचं काय करावं कळत नाही. जानेवारीच्या शेवटी लागली. नवऱ्याची बदली झाली म्हणून श्रीगोंद्यात आली, त्याआधी तीन वर्षं नगरच्या कुठल्याशा खासगी दवाखान्यात वॉर्डात साफसफाई करायची. कामाला चलाख आहे, पण नखरे फार.

आज तिच्या तळहाताला काटा लागला. मी हाक मारली, "रेश्मा, ये इकडे. हात पुढे कर."

"नको ताई. मी धुतलंय साबनानं."

"अगं, साबणाने काय होतंय? लावून घे. दोन बोटं मलम."

"मला चालत न्हाई."

चालत नाही म्हणे! तेरा बायका बघत होत्या. अठरा वर्षांत माझ्या डबीला कुणी नाही म्हटलं नव्हतं. साबण स्वतःचा, प्लास्टिकच्या डब्यात घालून आणते. हात पुसायला स्वतःचा नॅपकिन. शेडवरचं फडकं तिला चालत नाही, आमच्या हंड्यावरचा पेला चालत नाही. दवाखान्यात फरशी पुसून माणूस डॉक्टर होत नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. सगळ्या हसल्या. ती नाही हसली.

शनिवार, ८ मार्च

मलमाच्या जोडीला आतून औषध हवं, म्हणून परवा संध्याकाळी मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणलं. यांच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी ज्या दिल्या होत्या त्याच, रिकामं पाकीट मी जपून ठेवलं होतं. दहा गोळ्या. गळू झालेल्या पाच जणी, म्हणून प्रत्येकीला दोन-दोन. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. उगाच रुसवेफुगवे नकोत. पंकजाला एका दिवसात उतार पडला.

यांच्या मानेवर पुन्हा गळू. दिवाळीनंतर हर्नियाच्या ऑपरेशनला नगरला दहा दिवस काढले, मी रात्रंदिवस खाटेखाली चटई टाकून होते, तेव्हापासून यांच्या अंगात उष्णता शिरली आहे ती जात नाही. मलम लावताना म्हणतात, "तुझ्या डबीने गळू बरं होतं की मुक्कामाला राहतं?" पेन्शनर माणसाला विनोद सुचायला वेळ असतो.

सोमवार, १० मार्च

राहीबाईंचं बोट वांग्यासारखं झालंय. अंगठी साबण लावून, ओढून काढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलम तीनदा लावलं. उरलेली एक गोळी पंकजाकडून परत घेऊन त्यांना दिली.

आता एकूण सात जणींना झालं. घरी येताना चालता चालता मी एकेक जुळवत होते आणि एकदम लख्ख दिसलं. हे सुरू कधी झालं? फेब्रुवारीत. त्याआधी शेडवर नवीन काय आलं? रेश्मा. कुठून आली? दवाखान्यातून, जिथे जगाचे रोग. आणि सगळ्यांना होतंय, पण तिला स्वतःला एक फोड नाही! स्वतःचा साबण, स्वतःचा नॅपकिन. तिला माहीत आहे ती काय घेऊन आली आहे, म्हणूनच एवढी काळजी घेते.

हे आधी कसं सुचलं नाही, याचाच राग येतोय.

बुधवार, १२ मार्च

काकासाहेबांशी बोलले. त्यांचं लक्ष फोनवर, उन्हाळ्याची मागणी, गाड्या दारात उभ्या. "ताई, शेड तुमची. तुमी म्हनाल तसं," म्हणाले.

रेश्माला बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. वाटलं होतं भांडेल. तिने साबणाचा डबा पिशवीत टाकला, नॅपकिन घडी करून टाकला. मग माझ्या मांडीवरच्या डबीकडे बघत उभी राहिली.

"ताई, एक सांगू?"

"काय?"

तिने ओठ मुडपले. "राहीबाईंना मोठ्या दवाखान्यात न्या. आजच न्या. मलम लावत बसू नका."

जातानाही माझ्या मलमावर घसरलीच. पण गेल्यावर शेडवर कसं मोकळं वाटलं. साळूबाई म्हणाली, "बरं झालं ताई, इडा टळली."

सोमवार, १७ मार्च

टळली नाही. रेश्मा जाऊन पाच दिवस झाले आणि आज आणखी दोघींना. एकीच्या कोपराला, एकीच्या कानामागे. कानामागे काटा कसा टोचेल?

मागे सोडून गेली असणार. सगळी क्रेट फिनेलने धुवून घेतली, फडकं उकळलं, तिची बसायची गोणी जाळली. सगळ्यांना रांगेत बसवून मलम लावलं, ज्यांना काही नव्हतं त्यांनाही. आधीच काळजी घेतलेली बरी.

राहीबाई आज आल्या नाहीत. चार वाजता डबी घेऊन त्यांच्या घरी गेले. मार्चच्या उन्हात गोधडी पांघरून कुडकुडत होत्या. गोधडी वर केली तर कोपरापर्यंत हात लाल, लाल रेघ वर चढलेली. मला बघून उठायला लागल्या. "तुमी आल्या, आता उतरंल."

मी लावलं. हे मी कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते की मला आज पहिल्यांदा भीती वाटली. मलम लावता लावता वाटत होतं, हे आपल्या आवाक्यातलं नाही. तरी मी लावत राहिले, कारण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मंगळवार, १८ मार्च

अजिनाथने, राहीबाईंच्या मुलाने, सकाळी त्यांना टेम्पोत घालून नगरला नेलं. ताप एकशे चार. दाखल करून घेतलं.

दिवसभर कामात चित्त नाही. लहान लिंबं मोठ्यांत गेली, कुणाला ओरडलेही नाही.

शुक्रवार, २१ मार्च

अजिनाथचा फोन आला. पू तपासला. साध्या गोळ्यांना दाद न देणारा जंतू निघालाय. राहीबाईंना वेगळ्या खोलीत ठेवलंय, आत जाताना अंगावर झगा घालावा लागतो. बोट वाचेल का सांगता येत नाही, हात वाचावा म्हणून प्रयत्न चालू आहेत म्हणे. हात!

दुपारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर अश्विनी शेडवर आल्या. नगरच्या डॉक्टरांनीच त्यांना कळवलं होतं. तिशीच्या असतील, माझ्या भाचीएवढ्या. सगळ्यांना गोल बसवून विचारायला लागल्या, "सगळ्या मिळून एकच वस्तू कोणकोणती वापरता? आठवून सांगा, लाजू नका."

पंकजा म्हणाली फडकं. साळूबाई म्हणाली पेला. कुणी म्हणालं चटई, कुणी लिंबं कापायची सुरी, कुणी मिश्रीची पुडी. मी प्रत्येक नाव कागदावर उतरवून डॉक्टरांना दिलं. शेवटी मी स्वतःच सांगितलं की दवाखान्यात काम केलेली एक बाई इथे होती आणि तिला मी काढली आहे. डॉक्टरांनी तिचं नाव लिहून घेतलं, पण मला वाटलं होतं तशी शाबासकी काही दिली नाही.

मग सगळ्यांच्या नाकात काडी फिरवून नमुने घेतले. हा जंतू माणसाच्या नाकात गुपचूप राहतो, त्याला स्वतःला काही होत नाही, पण हाताने दुसऱ्याला जातो, असं सांगितलं. बायका घाबरल्या. धीर यावा म्हणून मी पहिला नंबर लावला. दोन शिंका आल्या. सगळ्या हसल्या तेव्हा जरा सैल झालं वातावरण.

सोमवार, २४ मार्च

राहीबाईंचं बोट काढलं.

गुरुवार, २७ मार्च

रेश्माचाही नमुना घेतला म्हणे डॉक्टरांनी. आता दूध का दूध होईल. तिचाच निघणार, मला खात्री आहे. राहीबाईंचं बोट कुणाच्या खाती आहे ते एकदा सगळ्यांसमोर यायलाच हवं. मी तिला सोडणार नाही.

यांना सांगत होते तर पेपर खाली न करता म्हणाले, "आणि तुझा निघाला तर?"

मी हसले. मला आयुष्यात एक गळू झालेलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

कुठून सुरुवात करू.

डॉक्टर अश्विनींनी मला एकटीला दवाखान्यात बोलावलं. बायकांची नावं सांगायची असतील म्हणून मी कागद-पेन घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "काकू, रेश्माच्या नाकात काही नाही. ती साफ आहे."

मी म्हणाले, "मशीन चुकलं असेल."

"पंकजाच्या नाकात आहे. आणि तुमच्या."

मला वाटलं त्या दुसऱ्या कुणाचा कागद बघताहेत. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी दवाखान्यात राहून आलंय का? मी म्हणाले, हे, नोव्हेंबरात. सोबत कोण होतं? मी. घरात गळवं? यांना, चार वेळा. प्रत्येक उत्तर मीच दिलं. माझ्याच तोंडून येत होतं आणि मी ऐकत होते.

डोकं भणभणायला लागलं, म्हणून सवयीने कमरेची तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, नाकाशी नेली. डॉक्टर बघत होत्या.

"काकू, हे दिवसातून किती वेळा?"

"सात-आठ."

"आणि त्यानंतर त्या हाताने काय करता?"

माझं बोट तसंच नाकाजवळ राहिलं होतं. पिशवीत दुसरी डबी होती, ती मी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं. पिवळ्या मलमात माझ्या बोटाचा खड्डा होता, रोजचा, खोल. त्या दिवशी गोल बसून आम्ही पेला आठवला, फडकं आठवलं, मिश्री आठवली. डबी एकीलाही आठवली नाही. ती औषध होती ना.

गोळ्यांचंही सांगितलं. दोन-दोन वाटल्या. त्यांनी डोळे मिटले. अर्धवट गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नाकात लावायचं औषध दिलं, पाच दिवस, यांनाही. निघताना म्हणाल्या, "मी शेडवर येऊन सगळ्यांना काळजी कशी घ्यायची ते सांगेन. नाव कुणाचंही घेणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा."

म्हणजे मी गप्प बसले तर कुणाला कधीच कळणार नाही.

बुधवार, २ एप्रिल

गप्प बसले.

डॉक्टर आल्या, हात धुवायचे, जखम झाकायची, मलम-गोळ्या एकमेकींच्या घ्यायच्या नाहीत, सगळं सांगून गेल्या. त्या गेल्यावर साळूबाई म्हणाली, "त्या रेश्मीनंच केलं बगा. डागदरीनबाई भल्या, नाव न्हाई घेतलं." माना हलल्या. मीही तिथेच होते. माझी मान हलली की नाही ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेही खोटं आहे. हलली.

पंकजा दुपारी हात पुढे करून आली. मी म्हणाले, मलम संपलं. "आता पुन्हा कवा करनार?" म्हणाली.

डबी डॉक्टरांकडेच आहे. तपकीर मी ओढ्यात टाकली. डोकं फुटतंय.

सोमवार, ७ एप्रिल

राहीबाई बुधवारीच घरी आल्या. पाच दिवस जाणं टाळता आलं, नाकाचं औषध चालू आहे अशी सबब होती. ती काल संपली.

खाटेवर बसल्या होत्या, निम्म्या झाल्यात. उजवा हात उशीवर ठेवलेला. पट्टी कोरडी होती, पण मधल्या बोटाच्या जागी नुसती सपाट. मला बघून तोंड फुललं. "बसा की. अजिनाथच्या बायकोला चा टाकाया सांगते."

मी लांब स्टुलावर बसले.

"लई हाल झाले बगा ताई. त्या पोरीनं घात केला, दवाखान्यातली घान आनली आन् आपल्या पानात वाढली. जाऊ द्या. नगरच्या डागदरांनी बोट कापलं, पर खाज जात न्हाई. नसलेल्या बोटाला खाज येती, सांगून कुनाला पटंल?" मग त्यांनी हात माझ्यापुढे केला. "थोडं मलम लावा. तुमचा हात लागला की बरं वाटंल."

अठरा वर्षं असेच हात माझ्यापुढे आले. मी त्या हाताकडे बघितलं आणि मला पुढे बघवेना. मी सांगितलं. नाकाचं सांगितलं, तपकिरीचं, डबीचं, गोळ्यांचं. राहीबाई, तुमचं बोट माझ्यामुळे गेलं, असं तोंडाने म्हणाले. आत चहाचं भांडं वाजायचं थांबलं.

त्यांनी हात हळूच मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

"कवापास्नं ठाऊक हाय तुमाला?"

"मंगळवारपासून. सहा दिवस."

"आन् त्याच्या आदी?"

"आईशप्पथ ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तुम्हाला बोट तरी लावलं असतं का?"

"न्हवतं ठाऊक. व्हय. ते मला पटतंय." "मंग त्या पोरीला कशापायी हाकललं? तिचं बी ठाऊक न्हवतंच की तुमाला."

मी स्टुलावरून उठले.

"आदी तिच्याकडं जा," राहीबाई म्हणाल्या. "मंग माझ्याकडं या."

चहा आला नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी शेडवर सगळ्यांना सांगितलं. आधी काकासाहेबांना फोन करून सांगितलं होतं. ते नुसतं "अरारा" म्हणाले आणि "बगू नंतर" म्हणाले. साळूबाईने स्वतःचा अंगठा उलटसुलट करून बघितला. पंकजा रडायला लागली, कारण तिच्याही नाकात आहे, आणि घरी तिचं तान्हं बाळ आहे. तिला तसंच डॉक्टरांकडे पाठवलं.

मग रेश्माकडे गेले. एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या. दार तिनेच उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. तुझ्यावर खोटा आळ घेतला, म्हणाले. पाया पडायला लागले तर ती दोन पावलं मागे सरकली.

"मला ठाऊक हुतं, ताई."

"काय ठाऊक होतं?"

"डबीचं. पयल्याच आठवड्यात बगितलं. तपकीर ओढायच्या, त्याच बोटानं मलम काडायच्या, एकीच्या गळवाला लावून तेच बोट परत डबीत. आमाला वॉर्डात सगळ्यात आदी हेच शिकवायचे, हात."

"मग बोलली का नाहीस?"

"नवी हुते. तुमी समद्यांच्या ताई. कोन ऐकनार हुतं माझं? काम गेलं असतं." तिचा आवाज फुटला. "आन् गेलं ते गेलंच. राहीबाईंना तरी सांगाया पायजे हुतं. रोज वाटायचं, आज सांगावं. निगताना तोंडापातूर आलं हुतं. बोलले असते तर त्यांचं बोट ऱ्हायलं असतं, ताई."

मी माफी मागायला आले होते आणि ही पोर माझ्यासमोर स्वतःचा वाटा मोजून रडत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून माझा हात आपोआप पुढे गेला आणि अर्ध्यात थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना. तिने ते बघितलं.

ती आत गेली. मला वाटलं दार लावायला गेली. तांब्या आणि तो प्लास्टिकचा साबणाचा डबा घेऊन बाहेर आली.

"करा हात पुढं."

मी केले. ती वरून पाणी घालत होती, मी साबण लावत होते. "बोटांच्या मधी," म्हणाली. "नखांत. अंगठा ऱ्हायला." ती सांगेल तसं मी करत गेले. बास म्हणेपर्यंत थांबले नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिने दोरीवरचा तिचा नॅपकिन काढला, क्षणभर हातात धरला आणि मला दिला.

"आता या आत," म्हणाली. "चहा टाकते."